एव्हर्टनचं नवं मैदान आणि बाबांसाठी तिकीट – मदत हवी आहे

कर्वेनगरची

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या मध्यावर आई-बाबांना घेऊन तीन आठवडे भावाकडे मँचेस्टरला जाते आहे. बाबा ७१ वर्षांचे आहेत. सगळी नोकरी खडकीच्या कारखान्यात झाली आणि कारखान्याच्या संघातून ते लेफ्ट हाफला खेळायचे. त्यांना लिव्हरपूलच्या एव्हर्टन फुटबॉल क्लबचं नवं मैदान बघायचं आहे. लंडन नको, राजवाडा नको, फक्त ते मैदान.

पुण्यातला माणूस एव्हर्टनचा कसा, हे सांगायला हवं. १९८६ चा मेक्सिकोचा वर्ल्डकप. वाड्यात एकच टीव्ही, तोही मालकांकडे. इंग्लंड-अर्जेंटिना सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला. त्या रात्री अख्खा वाडा मॅरेडोनाच्या प्रेमात पडला. बाबा मात्र मनगटाला पट्टी बांधून खेळणाऱ्या गॅरी लिनेकरच्या प्रेमात पडले. स्पर्धेत सर्वाधिक गोल त्याचेच होते, ६. पेपरात त्याच्या नावापुढे एव्हर्टन लिहिलेलं होतं. त्याच उन्हाळ्यात तो बार्सिलोनाला गेला, पण बाबा काही हलले नाहीत. १९८७ ला एव्हर्टनने लीग जिंकली, १९९५ ला एफए कप जिंकला आणि त्यानंतर आजपर्यंत एकही मोठा करंडक नाही. तरी दर शनिवारी रात्री टीव्हीपुढची खुर्ची बाबांची असते.

२०२५ च्या १८ मे ला गुडिसन पार्कवरचा, म्हणजे एव्हर्टनच्या जुन्या मैदानावरचा, पुरुष संघाचा शेवटचा सामना झाला, तेव्हा ते एक शब्दही न बोलता बसून होते. नंतर म्हणाले, “तिथे जायचं राहूनच गेलं.” ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तर विचारायचं हे की तिकीट इथून काढता येतं का? सदस्यत्व घ्यावं लागतं का? आणि इंटरनेटवर अव्वाच्या सव्वा भावाने तिकिटं दिसतात, ती घ्यावीत का? भाऊ म्हणतो घेऊन टाकू, एकदाच तर जायचंय.

चिंचवड_ते_मर्सी

ताई, भावाला आधी थांबवा. बाकी सगळं सावकाश सांगतो.

मी नऊ वर्षं लिव्हरपुलात आहे. नवं मैदान ब्रॅमली-मूर गोदीत आहे, अगदी मर्सी नदीच्या काठाला. नाव हिल डिकिन्सन स्टेडियम. ५२ हजारांच्या वर माणूस बसतो. गुडिसनला ३९ हजार मावायचे. जागा वाढली तरी तिकीट सोपं झालेलं नाही, कारण नवं मैदान बघायला सगळा गाव निघाला आहे. बहुतेक खुर्च्या हंगामाच्या तिकीटवाल्यांच्या आहेत. उरलेल्या तिकिटांत पहिला हक्क सदस्यांचा. सदस्य नसलेल्यांपर्यंत सहसा काही पोचत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन सदस्यत्व घ्यायचं. भारतातून घेता येतं.

सदस्यत्व प्रत्येकाचं वेगळं घ्या. एका क्रमांकावर दोघांची तिकिटं निघतील असं धरून चालू नका. बाबांची जन्मतारीख नीट भरा, ६५ च्या वरच्यांना दर वेगळा असतो. दोघांची खाती एकमेकांना जोडून ठेवा, म्हणजे तिकिटं एकत्र टोपलीत टाकता येतात. हे सगळं विक्रीच्या आदल्या आठवड्यात करायचं. विक्रीच्या सकाळी करायला गेलात तर हातचं जाईल.

आता वेळ. समजा विक्री इथल्या सकाळी १० ला उघडते. हिवाळ्यात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. पण मार्चच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि मग तेच १० म्हणजे तुमचे दुपारचे अडीच. माझ्या मावसभावाची रांग याच एका तासाने हुकली होती. साडेतीनला लॅपटॉप उघडून बसला तोवर सगळं संपलं होतं.

आणि कार्ड. आपल्या बँकांच्या कार्डावर परदेशी व्यवहार आपण सुरू केल्याशिवाय चालत नाहीत. ॲपमध्ये जाऊन आदल्या दिवशी सुरू करा, मर्यादा वाढवा, ओटीपीचा फोन हाताशी ठेवा. टोपलीतलं तिकीट काही मिनिटंच तुमचं असतं.

पहिल्या फेरीत नाही मिळालं तर नाउमेद होऊ नका. हंगामाची तिकिटं असलेले लोक, जमणार नसेल तेव्हा आपली खुर्ची क्लबमार्फतच परत विक्रीला टाकतात. सामना जवळ आला की अशा खुर्च्या एकेक करून वर येतात. मी स्वतः दोनदा त्यातूनच गेलो आहे. रात्री जेवण झाल्यावर बघायचं, सकाळी चहाबरोबर बघायचं. चिकाटी लागते, बस.

घोरपडीचा_गोली

त्या ‘अव्वाच्या सव्वा’ तिकिटांबद्दल मी सांगतो, कारण मी त्यात पोळलो आहे.

२०१९ ला लंडनमधल्या एका मोठ्या क्लबच्या सामन्यासाठी एका पुनर्विक्रीच्या साइटवरून दोन तिकिटं घेतली होती. माझा महिन्याचा पगार गेला होता म्हणा ना. आली ती दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाची सदस्य-कार्डं. पहिलं कार्ड चाललं, माझा मुलगा आत गेला. माझं कार्ड लावलं तर लाल दिवा. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा, तो गेटच्या आत आणि मी बाहेर. तिथल्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी मुलाला परत बाहेर आणून दिलं. सामना आम्ही समोरच्या चहाच्या दुकानात बसून आवाजावर ऐकला. मुलगा आता वीस वर्षांचा आहे, अजून तो विषय काढत नाही.

नंतर कळलं ते आधी माहीत असायला हवं होतं. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या तिकिटांची परवानगीशिवाय विक्री हा सरळ गुन्हा आहे. १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर कायद्याचं कलम १६६. नाटकाचं किंवा गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट विकणं वेगळं, फुटबॉलचं वेगळं. गर्दीत दोन संघांचे लोक मिसळून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून कोण कुठे बसलंय हे क्लबला माहीत असावं लागतं. त्यामुळे असं तिकीट क्लबच्या लक्षात आलं की ते रद्द होतं आणि पैसे कुणाकडे मागणार?

७१ वर्षांच्या माणसाला त्या लाल दिव्यापुढे उभं करू नका, ताई. हात जोडून सांगतो.

कर्वेनगरची

दादा, वाचून पोटात गोळा आला. भावाला तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला आहे. त्याचा विचार बदलला.

आणखी दोन शंका. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालतात, पण जिने फार नकोत आणि दोन तास उभं राहणं शक्य नाही. आणि तिकीट कागदावर येतं का? बाबा फोनवर फक्त बोलतात.

चिंचवड_ते_मर्सी

कागद नाही. तिकीट फोनमध्ये येतं आणि फोन गेटच्या यंत्राला टेकवायचा. शक्यतो एका माणसाचं एक तिकीट, एका फोनमध्ये. तेव्हा बाबांच्या खिशात तुमच्या आईचा किंवा भावाचा स्मार्टफोन द्या आणि तिकीट घरीच, वायफायवर उतरवून ठेवा. मैदानाबाहेर पन्नास हजार फोन एकदम चालू असतात, तिथे नेटच्या भरवशावर राहू नका.

जागा निवडताना दक्षिणेचा स्टँड टाळा. तो एकसंध आहे, खालपासून वरपर्यंत एकच उतार, १३ हजार माणसांचा आणि उभा चढ. टीव्हीवर निळी भिंत दिसते ती हीच. तिथले लोक पूर्ण सामना उभ्यानेच बघतात. गाणी तिथूनच सुरू होतात, त्यामुळे तरुणपणी तिथेच बसावं, पण गुडघ्याला नको. पूर्व किंवा पश्चिम स्टँडमध्ये खालच्या मजल्यावरची, वाटेलगतची खुर्ची बघा. गरज वाटली तर क्लबच्या अपंग-साहाय्य विभागाला आधी मेल टाका, ते उत्तरं देतात.

चालणं मात्र आहे. जवळचं स्टेशन सँडहिल्स, तिथून पंधरा-वीस मिनिटं. सामना सुटल्यावर स्टेशनबाहेर रांग लावून थोडे थोडे लोक आत सोडतात, तिथे उभं राहावं लागतं. बाबांना घेऊन अर्धा तास मागे थांबा. नदीकडचं प्रांगण मोकळं असतं, बसायला दगडी कट्टे आहेत. पण कानटोपी घ्या! एप्रिल असला तरी मर्सीवरचा वारा हाडात शिरतो. पुण्याची थंडी त्यापुढे काहीच नाही.

सहकारनगर_२

एक महत्त्वाचं राहिलं. सामन्याची तारीख पक्की धरून बाकीचं आरक्षण करू नका. प्रीमियर लीगचं वेळापत्रक जूनमध्ये येतं, पण टीव्हीसाठी सामने हलवतात. शनिवार दुपारचा सामना सोमवारी रात्री आठला गेलेला मी पाहिला आहे. बदल काही आठवडे आधी जाहीर होतात, तरी आपलं विमान त्याआधीच काढलेलं असतं. तुमचे तीन आठवडे आहेत ते उत्तम. त्यात घरचे एक-दोन सामने सापडतील, दोन्हींवर डोळा ठेवा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. ते आधी उरका.

वास्तू_आणि_वीट

मी व्यवसायाने आर्किटेक्ट. फुटबॉल कळत नाही, पण ही इमारत मी नकाशांपासून पाहत आले आहे, म्हणून लिहिते. काकांना तिथे काय बघायचं हे सांगावंसं वाटतं.

ती गोदी १८४८ ची, जेसी हार्टली या अभियंत्याने बांधलेली. मैदान उभारायचं म्हणजे पाण्याने भरलेली गोदी बुजवायची. त्यासाठी समुद्रतळातून वाळू उपसून आणली आणि पाइपातून गोदीत सोडली. जुन्या दगडी भिंती फोडलेल्या नाहीत, त्या वाळूखाली जशाच्या तशा उभ्या आहेत. पश्चिमेला पाण्याची एक पट्टी मुद्दाम राखली आहे, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की इथे पाणी होतं. १८८३ चा हायड्रॉलिक टॉवरही राखला आहे. बाहेरच्या फरशीत जुने रूळ आणि जहाजं बांधायचे लोखंडी खुंट आहेत, ते चुकवू नका.

खालचा भाग विटांचा आहे, आजूबाजूच्या गोदामांना शोभेलसा. जवळच स्टॅनली गोदीत तंबाखूचं १९०१ चं गोदाम आहे, त्यात २ कोटी ७० लाख विटा आहेत. आता काकांसाठी खास गोष्ट. नव्या मैदानाच्या वीटकामात एक तिरकी जाळी दिसेल, एकमेकांना छेदणाऱ्या रेघांची. ती गुडिसनच्या स्टँडवरची जाळी आहे. आर्चिबाल्ड लीच नावाच्या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे लोखंडात केली होती. नव्या जागेत ती विटेत उतरवली आहे. टीव्हीवर चाळीस वर्षं जी जाळी बघितली, तिच्यावर त्यांना हात ठेवता येईल.

हे सगळं लिहिताना एक सल आहे तोही सांगते. २०२१ च्या जुलैमध्ये युनेस्कोने लिव्हरपूलचा जागतिक वारशाचा दर्जा काढून घेतला आणि त्याच्या कारणांत या मैदानाचंही नाव होतं. असा दर्जा गमावलेलं ते जगातलं तिसरंच ठिकाण. पेठांमधला एकेक वाडा जाताना मी पाहते, त्यामुळे मला युनेस्कोची बाजू कळते. पण ती गोदी कित्येक वर्षं कुंपणाआड बंद पडून होती, गावातल्या माणसाला आत जाता येत नव्हतं. आज तिथे लोक मुलांना खांद्यावर घेऊन जातात. मला विचाराल तर मी मैदानाच्या बाजूने आहे.

बालेवाडी२०१४

धागा वाचून मला आमचं आठवलं. २०१४ ला एफसी पुणे सिटीच्या सामन्याला बालेवाडीला गेलो होतो, फ्रान्सचा ट्रेझेगे बघायला. वर्ल्डकप जिंकलेला माणूस आपल्या पुण्यात! ऑफिसातून थेट, वाकडच्या गर्दीतून गाडी काढत. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी बांधलेलं ते संकुल, त्यामुळे खेळपट्टीभोवती धावण्याचा ट्रॅक. खेळाडू बोटाएवढे दिसायचे. तरी घसा बसेपर्यंत ओरडलो. २०१७-१८ ला सेमीफायनल गाठली तेव्हा वाटलं, आता हा संघ आपला झाला. २०१९ ला तो बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. घरी नारिंगी टी-शर्ट आहे, मुलगी विचारते हा कुठला संघ.

म्हणून सांगतो, १८७८ पासून एका गावात असलेला क्लब, मैदान बदलतानाही जुन्या मैदानाची जाळी सोबत घेऊन जातो, हे तुमच्या बाबांना जरूर दाखवा. आमच्यासारख्यांना तो योग नाही.

लेकीची_आई_औंध

कुणीच कसं लिहिलं नाही? गुडिसन पाडलेलं नाही! आता ते एव्हर्टनच्या महिला संघाचं घरचं मैदान आहे. २०२५ च्या मे महिन्यातच क्लबने जाहीर केलं. माझी लेक मँचेस्टरला शिकते, स्वतः क्लबातून खेळते, ती जाऊन आली. महिलांच्या सामन्याची तिकिटं खूपच स्वस्त असतात आणि पुरुषांच्या सामन्यासारखी मारामार नसते.

लेक सांगत होती, तेच लाकडी खुर्च्यांचे स्टँड, तेच कोपऱ्यातलं चर्च मैदानाला अगदी खेटून. ती तिथल्या लोकांशी बोलली तर शेजारच्या आजी म्हणाल्या, त्या साठ वर्षं तिथे येतायत आणि आता नातीला घेऊन येतात.

बाबा म्हणाले ना, ‘तिथे जायचं राहूनच गेलं’? राहिलेलं नाही. महिलांची लीग मेपर्यंत चालते. घरचा सामना तुमच्या तीन आठवड्यांत बसतो का बघा.

चिंचवड_ते_मर्सी

औंधच्या ताई, हे माझ्याकडून सुटलं होतं. मनापासून आभार. १८ मे ला मी गुडिसनच्या बाहेर रस्त्यावर उभा होतो, तिकीट नव्हतं. साउदम्प्टनविरुद्ध २-० झालं, दोन्ही गोल इलिमान एनडियायेचे. आत जल्लोष झाला की बाहेरचे आम्ही अंदाज बांधायचो. नंतर म्हातारी माणसं भिंतीला हात लावून, कपाळ टेकवून निघाली. त्याच एनडियायेने २४ ऑगस्टला ब्राइटनविरुद्ध नव्या मैदानावर लीगचा पहिला गोल केला. जुन्या घरातला शेवटचा आणि नव्या घरातला पहिला, दोन्ही त्याचेच.

कर्वेनगरच्या ताई, सामन्याचं तिकीट अगदी नाहीच जमलं तर सामना नसलेल्या दिवशी मैदान आतून दाखवतात, ते आरक्षण सोपं आहे. पण मी त्यावर समाधान मानू नका म्हणेन. रिकामं मैदान ही इमारत असते. सायरन वाजून संघ बाहेर येतो तेव्हाचा आवाज बाबांनी ऐकायलाच हवा.

कर्वेनगरची

सगळ्यांना एकदमच उत्तर देते आहे, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व.

व्हिसा आले. माझं आणि बाबांचं सदस्यत्व घेतलं. पहिल्या विक्रीत आम्हाला काहीच मिळालं नाही, रांगेत पुढे कित्येक हजार जण होते आणि पाळी आली तेव्हा पानावर रिकाम्या खुर्चीचा एकही निळा ठिपका शिल्लक नव्हता. बाबा शेजारीच बसले होते. म्हणाले, “राहू दे गं.” मग तुम्ही सांगितलं तसं रोज दोनदा बघायला लागले. अकराव्या दिवशी, रात्री भांडी आवरून झाल्यावर, पूर्व स्टँडमध्ये खाली दोन खुर्च्या दिसल्या. एकमेकींच्या शेजारी नाहीत, एकामागे एक आहेत. ओटीपी यायला एवढा वेळ लागला की माझे हात कापत होते. पण झालं! क्लबकडूनच, छापील किमतीत.

भावाने गुडिसनच्या महिला सामन्याची चार तिकिटं काढली. आईसुद्धा येणार आहे, ती म्हणाली मुली खेळतायत तर मी बघणार.

बाबांना फोनमधलं तिकीट दाखवलं. चष्मा लावून त्यांनी खुर्चीचा क्रमांक मोठ्याने वाचला, मग रांगेचा, मग परत खुर्चीचा. कागदावर येत नाही म्हटल्यावर उठून आतल्या खोलीत गेले आणि कारखान्याची जुनी डायरी घेऊन आले. ८६ च्या पेपरातलं लिनेकरचं कात्रण त्यात आहे, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं. त्याच पानावर त्यांनी पेनने स्टँड, रांग आणि खुर्ची लिहून घेतली आणि खाली तारीख घातली.

कानटोपी आईने आजच काढून उन्हात ठेवली आहे. चिंचवडचे दादा, सामन्याच्या दिवशी तुम्ही गावात असाल तर सँडहिल्सला भेटाल का? बाबांना तुम्हाला चितळ्यांची बाकरवडी द्यायची आहे.

चिंचवड_ते_मर्सी

स्टेशनच्या पायऱ्यांपाशी उभा असेन, निळा मफलर घालून. काकांना धरून मीच घेऊन जाईन. तारीख हलली तर इथेच लिहा.